काम एकाचें, नांव दुसऱ्याचें

दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची विद्या मनुष्यानें फार पूर्वींच साधली आहे. परंतु असें झालेलें काम कोणाच्या नांवानें झालें, हा प्रश्न अद्यापि सुटलेला दिसत नाहीं. संगणकासाठीं आज्ञावली लिहिणें हा माझा धंदा असल्यामुळें या प्रश्नाशीं माझी रोज गांठ पडते.

आज्ञावली लिहिण्याची एक पद्धत अशी आहे कीं, सारें काम लहान लहान 'वस्तूं'त वांटून द्यावयाचें. नॉर्वेंतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनीं १९६० नंतरच्या दशकांत 'सिम्युला' भाषेंत तिचा पाया घातला. पुढें कॅलिफोर्नियांत ॲलन के व त्यांचे सहकारी यांनीं 'स्मॉलटॉक' भाषा घडवून तिला निरोपांची शिस्त लावली. प्रत्येक वस्तूजवळ कांहीं गुण असतात आणि कांहीं रीती. गुण जिचे तिनेंच सांभाळावयाचे. बाहेरच्यानें त्यांस हात लावावयाचा नाहीं, काम हवें तर निरोप धाडावयाचा.

हें वाचकांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत अरुणावतीच्या कांठीं आर्णी हें तालुक्याचें गांव आहे. तेथें माझ्या मावशीचें चार एकर शेत आहे. त्याचा सातबारा पाहा. क्षेत्र, आकारणी, खातेदाराचें नांव हे त्या शेताचे गुण. ते कोणी लेखणी उचलून बदलूं म्हणेल तर चालत नाहीं. अर्ज द्यावा, फेरफाराची नोंद व्हावी, मंडळ अधिकाऱ्यानें ती प्रमाणित करावी, तेव्हां कोठें एक नांव जाऊन दुसरें येतें.

आतां एखाद्या वस्तूला तिच्यानें न होणारें काम सांगितलें तर? ती तें दुसऱ्या जाणत्या वस्तूवर सोपविते. परंतु या सोपविण्याचे दोन प्रकार आहेत. कचेरींत 'पलीकडच्या खिडकीवर जा' असें सांगतात, आणि तेथें आपली कर्मकथा पुन्हां पहिल्यापासून सांगावी लागते; ती खिडकी आपलेंच दप्तर पाहून उत्तर देते. हा एक प्रकार. दुसरा प्रकार मुखत्याराचा. हात त्याचा चालतो, पण देणेंघेणें माझ्या खात्यावर पडतें. हेन्री लिबरमन यांनीं १९८६ सालीं या दुसऱ्या प्रकाराचें स्वरूप स्पष्ट केलें: रीत उसनी घ्यावी, पण ती चालत असतांना 'मी' म्हणजे ज्याला मूळ निरोप आला तोच. पुढच्याच वर्षीं डेव्हिड अंगर व रँडल स्मिथ यांनीं अशा एका भाषेचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें नांवच 'सेल्फ', म्हणजे 'स्वतः'. १९९५ सालीं निघालेली व आज जगभर चालणारी जावास्क्रिप्ट भाषा या बाबतींत तिचीच ऋणी आहे.

मावशीचें शेत बटईनें दिलेलें असतें. पेरणी, डवरणी, वेचणी, सारें बटईदार करतो. रीत त्याची, गुण मावशीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तींतलें पीकहि मावशीच्याच सातबाऱ्यावर चढतें, आणि अतिवृष्टीची भरपाईहि तिच्याच खात्यांत येते. संगणकांत ही व्यवस्था निर्दोष आहे, कारण तेथल्या मदतनीस वस्तूला पोट नसतें. बटईदाराला तें असतें. बियाण्याची आणि खताची उधारी त्याची स्वतःची, आणि ती दुकानदाराच्या वहीखेरीज कोठेंहि लिहिलेली नसते.

सातबाऱ्यावर 'कुळाचें नांव' असा रकाना आहे. मावशीच्या सातबाऱ्यावर तो कोरा आहे. विदर्भासाठीं १९५८ सालीं कुळकायदा झाला आणि कुळाला जमिनीवर हक्क मिळाले. तेव्हांपासून मालक लेखी करारास कचरतात आणि बटई तोंडीच राहते. मावशीची भीतीहि खोटी म्हणतां येणार नाहीं. विधवा बाईजवळ चार एकरांखेरीज दुसरें काय आहे?

एका वर्षीं पावसानें उभी कपाशी सडली. भरपाई आली ती मावशीनें बँकेंतून काढून सगळीच्या सगळी बटईदाराच्या हातीं दिली. "निम्मी तरी ठेवायची होतीस," मीं म्हटलें. ती म्हणाली, "पैसे माह्या नावानं आले, पण पाणी तर त्याच्या पऱ्हाटीवर पडलं ना बाप्पा!"

'मी' कोणाचा, या प्रश्नाचें इतकें नेमकें उत्तर मला कोणत्याहि भाषेच्या ग्रंथांत आढळलें नाहीं. परंतु तें उत्तर मावशीचें आहे आणि तिच्यापुरतें आहे. उद्यां शेत माझ्या मावसभावांच्या नांवावर होईल. ते पुण्यास असतात. क्षेत्र, आकारणी, नांव, सारें फेरफारानें त्यांच्याकडे जाईल. मावशीचा हा तोंडी न्याय मात्र कोणत्याहि नोंदीनें जाणार नाहीं. घरांत कोणाला रुचो न रुचो, तो तिच्या हयातींतच लिहिला गेला पाहिजे असें मला वाटतें. आणि त्यासाठीं रकाना कांहीं नवा पाडावयास नको.