वारीची दैनंदिनी : घाटाच्या अलीकडचा पाऊस

ज्येष्ठ वद्य एकादशी. पुणे ते सासवड

पहाटेपासून झड लागलेली. आळंदी-पंढरपूर वाटेवरची सगळ्यांत लांब मजल आजचीच, बत्तीसेक किलोमीटरची, आणि वर एकादशीचा उपास. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरच्या रस्त्याला लागली, माउलींची दिवे घाटाकडे वळली.

ओळीत चालताना छत्री उघडायची सोय नसते; काड्या शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातात. इरली आता क्वचितच दिसतात. प्लास्टिकच्या कागदाची खोळ डोक्यावरून घेतली, कमरेशी सुतळी बांधली की झालं. शहरातून आलेल्यांचे रेनकोट आतून घामानं भिजलेले. खरी काळजी मृदंगाची. आमच्या मृदंगमणींनी त्याला खताच्या पिशवीचं आतलं कोरं प्लास्टिक गुंडाळलं होतं. तरी दमट हवेनं पुडी उतरतेच. वडकीच्या विसाव्याला त्यांनी लहान हातोडीनं गट्टे ठोकत सूर चढवला, धुम्याकडची कणीक खरवडून नवी लावली आणि थाप देऊन कान लावला. आजूबाजूला फराळाच्या केळ्यांसाठी झुंबड उडाली होती, त्यांना पत्ता नाही.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. खाली मस्तानी तलाव धुक्यात बुडालेला. वळणावळणावर कॅमेरेवाले दाटीवाटीनं उभे. वारीचं हे एकच चित्र वर्षानुवर्षं छापून येतं, त्यामुळे वारी म्हणजे दिवे घाट असा पुष्कळांचा समज आहे.

माथा ओलांडला आणि पाऊस तुटला. पुरंदरचा हा भाग पर्जन्यछायेतला. समोर रस्ता कोरडा, धूळ उडतेय. आम्ही हुश्श केलं. आमच्या ओळीतल्या परभणीकडच्या मावशी मात्र वळून मागं बघत राहिल्या.

"पुण्याला कशाला पडतंय येवढं? तुमच्या नळाला पाणी हाय की!"

वद्य द्वादशी. सासवड, मुक्काम

आजही पालखी इथंच. सोपानकाकांची पालखी आज इथूनच निघते, म्हणून गावात दुहेरी गर्दी. कालची ओली धोतरं-लुगडी ट्रकच्या दोरांवर वाळत घातली. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात. कोमट तेलात हळद कालवून लावली.

दुपारी राहुटीत बोलणं एकच, पावसाचं. मला वाटलं होतं चालण्याच्या त्रासाबद्दल असेल. छे! आर्द्रा लागल्या, तुमच्याकडं ओल किती गेली, पेरलं का, वापसा कधी. एकानं धूळपेरणी करून ठेवलीय, तो गप्प आहे. पाऊस लांबला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण शेजारच्यानं तिफण धरली की कुणाला धीर धरवतो? पेरणी आटोपून वारीला यायचं ही जुनी रीत. हल्ली पाऊस पुढं सरकतो, वारी तिथीवरच निघते, आणि शेत पोराच्या हवाली करून म्हातारी माणसं फोनवर औत हाकतात.

वद्य त्रयोदशी. जेजुरी

जवळची मजल. पालखीवर भंडारा उधळला आणि नेमकी तेव्हाच सर आली. सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे ओघळ. माझा सदरा बाद झाला. दहा मिनिटांत ऊन.

वद्य चतुर्दशी. वाल्हे

तळावर समाजआरती. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात, "हो" म्हणतात, आणि सगळा तळ गप्प. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिनं मात्र टाळ थांबवायचे नाहीत, अशी रीत. आज रथामागच्या एका दिंडीचे वाजतच राहिले. चोपदार तिकडं गेले. पाण्याचा टँकर दोन दिवस तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तिथल्या तिथं निवाडा झाला. मग सापडलेल्या-हरवलेल्या वस्तूंचा पुकारा आणि आरती. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला ही लष्करी शिस्त लावली. ते शिंदे सरकारच्या पदरी होते, हे अशा वेळी पटतं. अर्ज नाही, साहेब नाही, टाळ वाजवत राहायचं.

रात्री ढग भरून आले. राहुटीभोवती कुदळीनं चर खणत होतो, तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. मुलगा होता. आवाज इतका मोठा की चौघांनी ऐकलं: ओढा वाहिला!

मावशींनी हात जोडले, आणि लगेच दरडावलं, "वापसा होऊ दे आधी. चिखलात औत घालशील तर बघ. अन् तुरीच्या वळी सोडू नको, समदंच सोयाबीन नको."

"आये, तू इठोबाकडं बघ की."

"बघतेच हाय. तू मातीत ओल बघ, हात घालून."

तेवढ्यात बॅटरी संपली. उद्या नीरेत पादुकांना स्नान, मग लोणंद. पहाटे तीनला उठायचंय. मावशींचा फोन माझ्या पॉवरबँकला लावलाय, कारण बियाण्याच्या पिशव्या किती आणायच्या हे अजून ठरायचंय.

(क्रमशः)