मागे घेतलेली सही

लॉच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एका अर्जावर सही केली आणि तीन दिवसांनी ती मागे घेतली. हॉस्टेलमधल्या एका ज्युनिअरला जातीवरून बोललं गेलं होतं, त्याबद्दलचा अर्ज. ऑफिसात मला एक कोरा कागद दिला आणि 'गैरसमजातून सही केली' असं लिहायला सांगितलं. मी लिहिलं. सोबतच्या चौघांनीही लिहिलं, पण ते काही माझ्या कामाचं नाही. घरी आजतागायत सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी सिनिअरच्या एका हेबियस कॉर्पस मॅटरसाठी रात्री मोबाईलवर काहीबाही वाचत होतो. भरकटत भरकटत अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनाच्या १८७७ सालच्या एका केसपाशी पोचलो. त्यात जोनाथन जास्पर राइट भेटला. कुठल्याही अमेरिकन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेला पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश. त्यानेही सही मागे घेतली होती. फक्त उलट्या दिशेने.

राइट १८४०चा, पेनसिल्व्हेनियातला. वकिलीचा अभ्यास केला, पण परीक्षा घेणाऱ्यांनी कातडीचा रंग बघून परीक्षाच घेतली नाही. १८६६ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, तेव्हा हा परत गेला आणि सनद घेऊनच आला. त्या राज्यातला पहिला कृष्णवर्णीय वकील. तोवर तो दक्षिणेत ब्यूफर्टला जाऊन आला होता, नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांना शिकवायला. सनद मिळाल्यावर पुन्हा तिथेच गेला, त्याच लोकांचा कायदेशीर सल्लागार म्हणून. कालपर्यंत ज्यांची स्वतःच विक्री होत होती, त्यांना करार म्हणजे काय हे समजावून सांगायचं. आमच्या कोर्टाबाहेर अंगठा उठवायला आलेली म्हातारी माणसं बघतो तेव्हा मला हे काम थोडंफार कळतं.

१८६८ साली चार्ल्सटनमध्ये राज्याची नवी घटना लिहायला सभा बसली. निम्म्याहून जास्त सभासद कृष्णवर्णीय होते, त्यात हा. मतदानाला मालमत्तेची अट नाही, सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या, असं त्या घटनेत लिहिलं गेलं. त्याच वर्षी ब्यूफर्टमधून तो राज्याच्या सिनेटवर निवडून आला. फेब्रुवारी १८७०मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी झाली आणि विधिमंडळाने मतदान करून ती त्याला दिली. वय जेमतेम तीस. मी तिशीत अजून तारखा घेतोय.

तीन न्यायाधीशांचं कोर्ट. सातेक वर्षांत त्याने नव्वदच्या आसपास निकालपत्रं लिहिली. (महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली ते साल १८७३. त्या वेळी हा माणूस कोलंबियात त्या खुर्चीवर बसलेला होता. शाळेत अर्पणपत्रिका पाठ केली होती, पण तिकडे त्या वर्षी नेमकं काय चाललंय हे कधी कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.)

मग १८७६ची निवडणूक आली. एका बाजूला रिपब्लिकन गव्हर्नर चेंबरलेन, दुसऱ्या बाजूला वेड हॅम्प्टन, यादवी युद्धात दक्षिणेचा जनरल आणि बडा मळेवाला. हॅम्प्टनच्या बाजूने लाल सदरे घातलेल्या हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या. जुलैत हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीयांच्या हत्या झाल्या. दोन परगण्यांत तर मतदारांपेक्षा मतंच जास्त निघाली. शेवटी एका राज्याला दोन गव्हर्नर आणि दोन विधानसभा. लोकांनी कर हॅम्प्टनकडे भरायला सुरुवात केली. चेंबरलेनकडे उरले ते विधानभवनातले केंद्राचे सैनिक.

अशात हॅम्प्टनने नॉरिस आडनावाच्या एका कैद्याला माफी दिली. तुरुंगाधिकाऱ्याने सोडलं नाही. प्रकरण कोर्टात. प्रश्न दिसायला छोटा होता: माफी खरी का? पण माफी खरी, तर गव्हर्नर खरा. सरन्यायाधीश मोझेस आजारी, वाचणारच नव्हते. राहिले दोघं, गोरा विलर्ड आणि राइट. २७ फेब्रुवारी १८७७ला कैद्याला सोडण्याच्या आदेशावर दोघांच्या सह्या झाल्या.

दोन दिवसांनी राइटने कळवलं की मी माझी सही मागे घेतो. चेंबरलेनच कायदेशीर गव्हर्नर आहेत असं त्याने लिहून दिलं. विलर्डने ते मानलं नाही, पहिलाच आदेश चालवला.

त्या दोन रात्री मी किती वेळा डोळ्यांसमोर आणल्यात. पहिली सही भीतीपोटी झाली असं मला वाटतं. बाहेरचं वातावरण बघता न वाटणं अवघड आहे. पण इथे मी पक्षपाती आहे, हेही धरून चाला. आणि वकील म्हणून सांगतो, दिलेला आदेश असा फिरवता येत नसतो. विलर्डची बाजू अगदीच लंगडी नव्हती.

एप्रिलमध्ये केंद्राने सैनिक काढून घेतले, चेंबरलेन गेला. नव्या विधिमंडळाने राइटवर महाभियोगाची तयारी केली. त्याने आरोप नाकारले आणि वर्षअखेरीस राजीनामा दिला. पुढे चार्ल्सटनमध्ये वकिली केली, मुलांना कायदा शिकवला. १८८५ साली क्षयाने गेला. वय पंचेचाळीस. त्या कोर्टात पुढचा कृष्णवर्णीय न्यायाधीश आला १९८५ साली, अर्नेस्ट फिनी.

परवा तो ज्युनिअर कोर्टाच्या कँटीनमध्ये भेटला. आता तोही प्रॅक्टिस करतो. चहा घेताना मी त्याला राइटची गोष्ट सांगितली. अर्जाचं नाव काढायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

"सही मागे घेतली त्याचा उपयोग काय झाला मग?" त्याने विचारलं.

"काहीच नाही. कैदी सुटला, हॅम्प्टन बसला."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "दादा, तुम्ही काय लिहिलं होतं हो त्या कागदावर?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द आठवत होता.