खारे पाणी, गोडे पाणी

आम्ही धामणगाव बढेचे. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. तरी खाऱ्या पाण्याचे दुखणे आम्हाला परके नाही. आमच्या फुफीचे सासर पूर्णाकाठी, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. वुजू होतो, तहान भागत नाही. फुफी माहेरी आली की आधी पाणी मागायची, मग खैरियत विचारायची. सोयरीक जुळवताना आमच्याकडे गावचे पाणी विचारतात, ते उगीच नाही.

खारे पाणी गोडे करण्याची विद्या जुनी आहे. चिली देशातल्या लास सालिनास इथे १८७२ साली काचेखाली खारे पाणी तापवून, त्याची वाफ धरून, रोज वीस हजारांवर लिटर पाणी मिळवत. इंधन फक्त ऊन. पण एक चौरस मीटर काचेतून दिवसाला दोन-चार लिटरच निघतात. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ मध्ये वेगळी वाट धरली. समुद्राच्या वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खोलवरच्या गार पाण्याने ती थंड करायची. रोज एक लाख लिटर पाणी.

आता पाणी दाबाने पडद्यातून गाळतात. हजार लिटर समुद्रपाण्याला तीन-चार युनिट वीज लागते. आमच्या खारपाणात मीठ त्याहून फार थोडे, म्हणून वीजही थोडी. ऊन तर विदर्भात उदंड. सौरपट्ट्यांवर गावाचे यंत्र सहज चालावे.

मग अडते कुठे? गाळून उरलेल्या पाण्यात सारे मीठ साठते. ते नाल्यात सोडले की खालच्या गावाची विहीर आणखी खारी. गोडे पाणी जार भरून विकले, तर रोजमजुरीवाला पुन्हा त्याच विहिरीवर. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे मूत्रपिंडाचे रुग्ण दिसू लागले, तेव्हा लोकांनी पाण्याकडेच बोट दाखवले. हा प्रश्न नुसत्या चवीचा नाही.

आमचे म्हणणे एवढेच. यंत्र आणण्याआधी उरलेल्या मिठाची जागा ठरवा, पक्क्या तळाचे कुंड बांधा. चावी एका घरात न ठेवता हिशेब ग्रामसभेत मांडा. पाणी खुदाची देन आहे. शाळेच्या माठात आणि मजुराच्या घड्यात सारखेच पाणी पडले, तर यंत्र कामी आले म्हणू.