लेकराचे मौन

वस्तीतल्या आम्ही बाया, अंगणवाडी सेविका आणि शाळेच्या बाई एकत्र प्रशिक्षणाला बसलो. मूल एकाएकी अबोल झाले, अंथरूण ओले करू लागले, तर त्यामागे भीती असू शकते, हे तिथे उमगले. जवळ बसावे, ऐकावे, ‘तुझा दोष नाही’ म्हणावे. खोदून खोदून विचारू नये.

पुढे चौथीतली एक मुलगी अशीच गप्प झाली. शाळेच्या बाई रोज तिच्याजवळ बसत. महिन्याने ती बोलली. नातेवाईक म्हणाले, बोभाटा नको. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब घेणारा पोलीसही गणवेशात नसावा लागतो. आम्ही तिच्या आईसोबत गेलो.

भगिनींनो, १०९८ हा बालमदतीचा क्रमांक घरात लिहून ठेवा. घराच्या अब्रूपेक्षा लेकरू मोठे!