सहा आठवडे म्हणजे एकवीस तास

आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना एक वाईट खोड असते. कुठे आकडा दिसला की त्याखालचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय चैन पडत नाही. गेल्या मे महिन्यात मी कामरेजला मामांकडे गेले होते, तेव्हा या खोडीने मला एका पुठ्ठ्याच्या खोक्यापाशी नेऊन बसवले. खोके होते ई-बुक वाचण्याच्या यंत्राचे. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, एकदा चार्ज केल्यावर सहा आठवडे चालते. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत : रोज अर्धा तास वाचन धरून, वायरलेस बंद ठेवून.

मी मनात हिशेब केला. बेचाळीस दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे एकवीस तास. आमची गाडी बेळगावहून सुरतेला पोहोचायलाच अठरा-वीस तास घेते! म्हणजे मनापासून वाचणाऱ्याचे हे सहा आठवडे एका प्रवासात संपायचे. मी हे मामांना सांगितले, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, एकवीस तास राहू दे, एकवीस मिनिटे जरी ते सुरू झाले तरी पुरे."

वाचकहो, मामांच्या या बोलण्यामागे एक कथा आहे.

कामरेज हे सुरत शहरापासून वीसेक किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा गजबजलेला चौरस्ता, जवळून वाहणारी तापी, एकीकडे उसाचे मळे आणि दुसरीकडे नव्याने उभ्या राहिलेल्या उंच इमारती. मामा पूर्वी सुरत शहरातच, तळमजल्यावर राहत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडले गेले आणि तापीने सुरतेचा मोठा भाग बुडवला. मामांच्या दोन ट्रंका भरून मराठी पुस्तके होती. पाणी ओसरल्यावर ट्रंका उघडल्या, तर आत नुसता लगदा. पुढे त्यांनी कामरेजला घर घेतले, तेही मुद्दाम चौथ्या मजल्यावर. पण पुस्तके पुन्हा जमवण्याची त्यांची उमेद गेली होती. ते पाहून मामेभावाने २०१३ साली त्यांना हे यंत्र आणून दिले. "बाबा, आता हजार पुस्तके खिशात. पूर आला तर खिसा वर धरा!"

हजाराचा हा आकडाही मी मोडून पाहिला. यंत्राची साठवण २ जीबी. त्यातली साधारण सव्वा जीबीच आपल्या वापराला मोकळी. आता दोनशे पानांचे मराठी पुस्तक घ्या. पानाला दीड हजार अक्षरचिन्हे धरली तर तीन लाख चिन्हे होतात. इंग्रजी अक्षराला संगणकात एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. तरीही सगळे मिळून नऊ लाख बाइट, म्हणजे एक एमबीच्या आतच. या हिशेबाने हजारावर पुस्तके सहज मावतात. जाहिरात खोटी नाही.

पण ही झाली टंकलिखित पुस्तकांची गोष्ट, आणि मराठीत तेव्हा तशी पुस्तके होती कुठे? ॲमेझॉनने किंडलसाठी भारतीय भाषांतील पुस्तके खुली केली ती डिसेंबर २०१६ मध्ये, आणि तीही हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ व मल्याळम या पाचच भाषांतली. (त्या यादीत कन्नड नव्हती, हे आपल्या कन्नड विभागाच्या मित्रांच्या ध्यानात असेलच.) त्याआधी मामांसारख्यांना आधार होता तो जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींचा. त्यात अक्षर हे अक्षर नसते, सगळे पानच एक चित्र असते. पानाला दोनशे केबी धरले तरी दोनशे पानांचे चाळीस एमबी होतात. भागाकार करा : साडेबाराशे भागिले चाळीस, उत्तर एकतीस! हजार पुस्तकांच्या कपाटात मामांची एकतीसच मावत होती. शिवाय चित्रातले अक्षर एकटे मोठे करता येत नाही. पान मोठे केले की ओळीचे शेपूट पडद्याबाहेर जाते. साठी गाठलेल्या डोळ्यांना ही शिक्षाच.

असो. या एकतीसांत २०१८ साली आणखी एकाची भर पडली. मामा बेळगावला आले होते, तेव्हा माळ्यावर त्यांना आजीची हिशेबाची वही सापडली. आजी जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. मामांनी वहीच्या शहाण्णव पानांचे फोटो काढले आणि मामेभावाकडून त्याची पीडीएफ करवून यंत्रात घातली. तिला जागा करायला तीन कादंबऱ्या पुसाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत, आजोळच्या घराची मागची भिंत खचली आणि मूळ वही चिखलात गेली. मामांचा जुना फोनही एव्हाना बदलला होता. उरली ती यंत्रातली एकच प्रत.

मग मामांना मोतीबिंदू झाला आणि वाचन थांबले. यंत्र दोन वर्षे कपाटात पडून राहिले. इथेच घात झाला. या यंत्राच्या पडद्याला वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना. काळे-पांढरे बारीक कण एकदा जागेवर बसले की विजेवाचून तसेच राहतात. म्हणून तर बॅटरी इतकी टिकते. पण यंत्र नुसते पडून असले तरी बॅटरी थेंबाथेंबाने झिरपत असते. लिथियमची बॅटरी पार रिकामी होऊन, त्यातून सुरतेच्या उकाड्यात, महिनोन्‌महिने राहिली की पुन्हा उठत नाही. आम्ही चार्जर लावला, रात्रभर ठेवला. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचे एक चित्र होते, ते काही हलेना. वीज संपल्याची बातमी सांगायला मात्र वीज लागत नाही, ही त्यातली गंमत. पण त्या वेळी गंमत वाटली नाही.

मामी म्हणाल्या, "अगं, टाकून द्या ते, नवीन घेऊ." मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी यंत्र पिशवीत घालून आम्ही सुरतेला गेलो. एका दुकानदाराने हात लावायलाच नकार दिला. दुसऱ्याने पातळ पट्टीने पाठ उचकटली. बॅटरी डिंकाने चिकटवलेली आणि पापडासारखी फुगलेली. तो म्हणाला, "बेन, बेटरी गई छे, मेमरी नथी गई." साठवण आणि बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी, हे मी पुस्तकात वाचले होते. पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तीन दिवसांनी त्याने दुसरी बॅटरी बसवून दिली आणि पडदा एकदा काळा होऊन उजळला. मामांनी चष्मा काढून पुसला.

वही आधी तीन ठिकाणी उतरवून घेतली. मग ती वाचायला बसलो तेव्हा खरी गोष्ट उलगडली. आजीचे माहेर कन्नड. लग्नानंतर ती मराठी लिहायला शिकली, पण वहीची निम्मी पाने कन्नड लिपीत होती. मामा मराठी शाळेत शिकून विशीत सुरतेला आलेले. कन्नड त्यांना थोडे बोलता येई, वाचता येत नसे. सात वर्षे ती पाने त्यांच्याजवळ होती आणि त्यांना ती मुकी होती. मीही मराठी माध्यमाची, पण शाळेत कन्नड सक्तीचे होते. त्याबद्दल मी तेव्हा पुष्कळ कुरकुर केली होती. ती आज मागे घेते.

मामांनी बाजारातून लाल कापडी बांधणीची एक चोपडी आणली, गुजरातेत दिवाळीला पुजतात तशी. मी वाचायचे, अर्थ सांगायचे आणि उतरवून घ्यायचे. अक्की म्हणजे तांदूळ, बेल्ला म्हणजे गूळ. जमा आणि खर्च मात्र दोन्ही भाषांत सारखेच! एका पानावर १९८१ साल होते. मी वाचले, "बळे ओत्ते. मगनिगे ३००." मग म्हणजे मुलगा. बांगड्या गहाण, मुलाला तीनशे.

मामा १९८१ साली सुरतेला आले. ते तीनशे रुपये वडिलांनी दिले, असेच ते आजवर समजत होते. बराच वेळ ते खिडकीतून चौरस्त्यावरची वाहने पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरी, रक्कम उसनवारीत लिहिली आहे का गं?"

मी पुन्हा पान पाहिले. "नाही मामा, खर्चात आहे."

सुट्टी संपेपर्यंत शहाण्णव पाने उतरवून झाली. मामांनी कॅलेंडरवर दर अमावस्येला खूण केली आहे, यंत्र अर्धे चार्ज करून ठेवण्याची. पूर्ण भरूनही ठेवायचे नाही आणि रिकामेही होऊ द्यायचे नाही, असा दुकानदाराचा सल्ला आहे. यंत्राला मी नावे ठेवत नाही. दोन पुरांतून कागद वाचला नाही, ते त्याने वाचवले. मात्र किती मावते आणि किती दिवस टिकते, एवढे खोक्यावर छापता येते. जे मावले आहे ते आपल्यापैकी कोणाला वाचता येते, हा हिशेब ज्याचा त्याने घरी मांडायचा. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी वही असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत ती खाली काढा.