नवतपा पास, पावसात नापास!

नागपुरात फ्लॅट बघायला कधी जावं? माझं ऐकाल तर दोनदा. एकदा नवतप्यात, दुपारी बरोबर दोन वाजता. आणि एकदा जुलैत, तासभर दणकून पाऊस पडून गेल्यावर. मी पहिलीच परीक्षा घेतली आणि सही ठोकून मोकळी झाले. दुसरी परीक्षा मग फ्लॅटने माझीच घेतली.

मिहानमध्ये नोकरी, वय तिशीला टेकलेलं. ‘लग्न झाल्यावर दोघं मिळून बघा ना!’ इति यवतमाळहून आई. पण दर अकरा महिन्यांनी कूलर उचलून नव्या घरमालकाच्या दारात उभं राहायचा कंटाळा आला होता. शिवाय बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट, ही सोय महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून आहे. म्हटलं, सोडायची कशाला?

मग काय, शनिवार-रविवार स्कूटी आणि तोंडाला बांधलेला स्कार्फ! धरमपेठेत झाडं मस्त, गल्ल्या मस्त, भाव ऐकून मात्र कॉफी पिऊन परत. मनीषनगर-बेसाकडे नव्या इमारती. तिथला एक फायदा खरंच मोठा: ‘रेरा’खाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण हप्ता पगाराच्या पलीकडे जात होता.

या भटकंतीत दोन गोष्टी शिकले. ब्रोकरचा पहिला डायलॉग ठरलेला, ‘मॅडम, आरएल आहे!’ आरएल म्हणजे नासुप्रचं रिलीज लेटर. मंजुरीशिवाय पडलेल्या लेआउटमधला प्लॉट नियमित झाल्याचा हा कागद. तो नसेल तर बँकवाला फाइल बाजूला ठेवतो. आणि माझा पहिला प्रश्नही ठरला, ‘पाणी आलं होतं का?’ २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर नागपुरात हा प्रश्न विचारायला कुणी लाजत नाही.

शेवटी त्रिमूर्तीनगरात, वीसेक वर्षं जुन्या बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके आवडला. बिल्डिंगमध्ये एकूण आठ फ्लॅट, समोर कडुनिंब. ‘टॉप फ्लोअर आहे, तापते,’ असं म्हणत मी भाव पाडला. जुन्या मालकांनी चाव्या दिल्या, त्यात एक जास्तीची. ‘गच्चीची आहे. आपल्याकडेच असते.’ गच्ची आपली! मी तर हवेतच. बाजेवर पडून चांदण्या मोजायच्या वगैरे.

डाउन पेमेंट, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रीची फी, बँकेची प्रोसेसिंग फी. हे सगळं भरून खात्यात जेमतेम महिन्याचा किराणा उरला. कूलर लावायला खिडकी उघडली तर भोवतीची भिंत हाताला भुसभुशीत लागली. आधीच्या कूलरचं पाणी वर्षानुवर्षं मुरून लोणा लागला होता. ठीक, म्हटलं, एवढं चालतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. रात्री दोनला बेडरूमच्या कोपऱ्यात टप, टप, टप. सकाळपर्यंत छतावर विदर्भाचा नकाशा!

आधी एक वॉटरप्रूफिंगवाला आला. आतून केमिकल मारू, वर पेंट, उद्याच सुरू करू. कोटेशन म्हणजे माझे दोन पगार. नशीब, ऑफिसच्या मैत्रिणीने तिच्या ओळखीचे मिस्त्रीकाका पाठवले. ते आत न येता थेट गच्चीवर गेले. कठड्याच्या बुडाशी बोट घालून म्हणाले, ‘ताई, पाणी इथून घुसून राहिलं. जिकडं वाट सापडली तिकडं निघते. आता आतून कलर माराल तं पोपडे निघतीन.’

‘मग आता काय करायचं?’

‘आता ताडपत्री. काम दिवाळीनंतर.’

म्हणजे हातातलं काम तो माणूस स्वतःच पुढे ढकलत होता! कारणही साधं होतं. जुना सुटलेला कोबा काढायचा, स्लॅब पुरता वाळू द्यायचा, मग विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा पाइपाकडे उतार देऊन घालायचा. भर पावसात यातलं काहीच धड होत नाही.

प्रश्न पैशांचा होता. आमच्यासारख्या बऱ्याच बिल्डिंगी १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली येतात. डिक्लरेशनमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर गच्ची सगळ्यांच्या मालकीची आणि तिचा खर्चही सगळ्यांचा. कागद घेऊन मी रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. आवाज जरा चढवूनच बोलले. सगळे गप्प.

मग तळमजल्यावरच्या काकू शांतपणे म्हणाल्या, ‘बेटा, गच्ची सगळ्यांची आहे म्हणतेस. इतक्या वर्षांत मी तिथे एकदा पापड नाही वाळवले. चावी कुणाकडे असते?’

चावी माझ्या पर्समध्ये होती.

कान गरम झाले. टॉप फ्लोअर म्हणून भाव मी पाडला, गच्ची मी ठेवली आणि गळती तेवढी आठ जणांत वाटायला निघाले होते! काही न बोलता चावी काढली आणि मीटर बोर्डाशेजारच्या खिळ्याला अडकवली. ती आजही तिथेच असते. त्या दिवशी पाच जण तयार झाले, दोघं दसऱ्यापर्यंत. वर्गणी हप्त्यांत. माझा कूलरचा कोपरा अर्थातच माझ्या खर्चाने.

पावसाळा ताडपत्री आणि दोन बादल्यांवर काढला. दिवाळीनंतर मिस्त्रीकाका आले. कोबा घातला, कठड्याच्या बुडाशी गोलाई दिली, वरून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवले. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं, त्यामुळे या मे महिन्यात बेडरूमचा पंखा भट्टीची हवा फेकत नव्हता.

आणि गच्चीवर? काकूंच्या कुरडया, दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांचं क्रिकेट आणि एका कोपऱ्यात माझी बाज. फ्लॅट मी एकटीने घेतला खरा. पण डोक्यावरचं छप्पर आठ जणांत आहे, हे कळायला एक पावसाळा जावा लागला.

जाता जाता, माझ्या चुकांवरून तुमच्यासाठी:
• सगळे पैसे डाउन पेमेंटमध्ये घालू नका. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी निदान दोन पगार बाजूला ठेवा.
• कूलरच्या खिडकीभोवती आणि छताच्या कोपऱ्यांत हात फिरवून बघा. ताजा पेंट फक्त तिथेच दिसला तर कारण विचारा.
• गच्चीवर चढाच. आणि हो, चावी कुणाकडे असते तेही विचारा!