यारालुम्ला : राजप्रतिनिधीचें घर

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा पाहावयास जाणाऱ्या आपल्याकडील माणसाचा पहिल्या दिवशीं थोडा विरसच होतो. सिडनीहून पावणेतीनशें-तीनशें किलोमीटर मोटारीनें जावें, वाटेंत मेंढ्यांचीं पिवळसर कुरणें पाहावीं, आणि राजधानी म्हणून जें गांव समोर येतें त्यांत ना बाजाराची गजबज, ना जुना कोट, ना देवळाचा कळस! रुंद रस्ते, दाट झाडी, मधोमध बांध घालून केलेला तलाव, आणि त्याच्या कांठीं एकमेकींशीं अबोला धरल्यासारख्या दूरदूर उभ्या असलेल्या सरकारी इमारती. शिकागोचे शिल्पज्ञ वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांचा आराखडा १९१२ च्या स्पर्धेंत पहिला आला, त्याबरहुकूम हें नगर वसलें. तलावास त्यांचेंच नांव आहे; परंतु तलाव भरला १९६४ सालीं, आणि ग्रिफिन तर १९३७ मध्येंच आपल्या लखनौस वारले. तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नकाशे करण्यास म्हणून ते हिंदुस्थानांत आले होते. ज्यानें पाणी कोठें असावें तें कागदावर काढिलें, त्यास तें डोळ्यांनीं पाहतां आलें नाहीं आणि त्याची समाधि गोमतीच्या गांवीं झाली, हा योग मोठा विलक्षण खरा.

आम्हांस पाहावयाचें होतें तें स्थळ तलावाच्या पश्चिम टोंकाला आहे. तेथें स्क्रिव्हनर नांवाच्या धरणाजवळ मोटारी थांबविण्यासाठीं जागा करून ठेविली असून तेथून पाण्यापलीकडे झाडींत एक पांढरें घर दिसतें. हेंच गव्हर्नर-जनरलचें निवासस्थान. जागेचें जुनें नांव यारालुम्ला. मुंबईस मलबार टेकडीवरील राजभवन किंवा दिल्लीचें राष्ट्रपतिभवन ज्यानें पाहिलें आहे त्यास हें एखाद्या सुखवस्तु जमीनदाराचें घर वाटेल. आणि तें मुळांत तसेंच होतें. मेंढ्यांच्या एका मोठ्या वाडीचे मालक फ्रेडरिक कॅम्बेल यांनीं तें १८९१ सालीं बांधिलें. १९१३ त सरकारनें जमीन घेतली, आणि १९२७ सालीं पार्लमेंट मेलबर्नहून येथें आलें तेव्हां घर वाढवून राजप्रतिनिधीस राहावयास दिलें. हिरवळीवर कांगारू निर्धास्तपणें चरतात. पहारेकऱ्यांची भाऊगर्दी नाहीं, तोफा नाहींत. या साधेपणाबद्दल आम्हांस आदरच वाटला. पण याच घराच्या अभ्यासिकेंत ११ नोव्हेंबर १९७५ रोजीं एका गृहस्थानें देशाच्या मुख्य प्रधानास एक कागद हातीं देऊन बडतर्फ केलें. त्या कागदाची शाई अद्यापि वाळली नाहीं असें तेथील लोकांच्या बोलण्यावरून वाटतें.

हा गृहस्थ कोण व त्याचा अधिकार कोणता, हें प्रथम पाहूं. १ जानेवारी १९०१ पासून अमलांत आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या घटनेंत लिहिलें आहे कीं, राज्यकारभाराची सत्ता राजाच्या ठायीं आहे आणि ती गव्हर्नर-जनरल हा राजाचा प्रतिनिधि या नात्यानें चालवितो. मंत्री त्याची मर्जी असेतोंवर मंत्री. सेनेचा मुख्य तो. त्याच्या संमतीवांचून कायदा होत नाहीं. उलट ‘मुख्य प्रधान’ हा शब्द त्या घटनेंत शोधूनही सांपडत नाहीं! परकी मनुष्यानें नुसता हा ग्रंथ वाचला तर त्यास वाटावें कीं, या देशांत लॉर्डसाहेब एकटे राज्य करतात. प्रत्यक्षांत मात्र सर्व कांहीं मुख्य प्रधानाच्या सल्ल्यानें चालतें, आणि हा सल्ला मानण्याची चाल लेखांत नसून रूढींत आहे. साताऱ्याहून वस्त्रें आल्यावांचून पुण्यास पेशवा होत नसे, परंतु मसलत शनिवारवाड्यांत चाले, हें ज्यांना ठाऊक आहे त्या आपल्या लोकांना लेख आणि रूढि यांतील हें अंतर समजावून सांगावयास नको.

प्रतिनिधि या शब्दावरून आम्हांस आमचें जुनें व्याकरण आठवतें. एका वर्णाच्या किंवा शब्दाच्या जागीं दुसरा आला तर मूळच्यास पाणिनि स्थानी म्हणतो आणि बदली येणाऱ्यास आदेश. आदेश हा स्थानीप्रमाणेंच मानावा, मूळचें जें कार्य तें बदलीसही लागू करावें, असा नियम सांगून तो महावैयाकरण लगेच एक अपवाद जोडतो : जेथें कार्य मूळच्या वर्णांवरच अवलंबून असेल तेथें हें सादृश्य चालावयाचें नाहीं. गव्हर्नर-जनरल हा राजाचा आदेश आहे. सही करणें, सभा बोलावणें व विसर्जन करणें, हीं राजाचीं सारीं कार्यें त्यास लागू पडतात. परंतु राजाचें एक बळ त्याच्या जन्मांत आहे. तो कोणाच्या मर्जीनें गादीवर आलेला नसतो व कोणा मंत्र्याच्या चिठ्ठीनें उतरत नाहीं. म्हणूनच मुख्य प्रधानास जवळ बसवून ‘बाबा रे, हें करूं नकोस, यांत अनर्थ आहे’ असें तो निर्भयपणें सांगूं शकतो. वॉल्टर बॅजट या इंग्रज ग्रंथकारानें १८६७ सालीं राजाचे तीन हक्क सांगितले, ते सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि इशारा देण्याचा. यांतील तिसरा हक्क बदली माणसाकडे कितपत येतो? सारा प्रश्न येथें आहे.

आरंभीं हे प्रतिनिधि विलायतेहून येत. पहिले लॉर्ड होपटाउन. यांनाच पुढें लिनलिथगोचे मार्क्विस ही पदवी मिळाली, आणि यांचेच चिरंजीव १९३६ ते १९४३ पर्यंत आपल्याकडे व्हाइसरॉय होते. त्या काळीं नेमणूक लंडनच्या मंत्र्यांच्या सल्ल्यानें होई. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य प्रधानास त्यांत हात घालतां येत नसे. १९३१ सालीं मुख्य प्रधान स्कलिन यांनीं पंचम जॉर्ज बादशहांपाशीं हट्ट धरून सर आयझॅक आयझॅक्स या तेथेंच जन्मलेल्या न्यायाधीशास ही जागा देवविली. स्वाभिमानाच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर एक गोष्ट गुपचूप बदलली : ज्याच्या सल्ल्यानें नेमणूक होते, त्याच्याच सल्ल्यानें ती रद्दही होऊं शकते. गंमत अशी कीं, गव्हर्नर-जनरल अधिकारावर असतां त्याच्या वेतनांत फरक करूं नये असें घटनेच्या तिसऱ्या कलमांत बजावून ठेविलें आहे. पगाराला धक्का नाहीं. जागेला मात्र केव्हांही!

आतां त्या १९७५ सालाकडे वळूं. मजूर पक्षाचे गॉफ व्हिटलॅम हे १९७२ च्या डिसेंबरांत मुख्य प्रधान झाले व १९७४ त पुन्हां निवडून आले. मनुष्य उंच, विद्वान्, वक्तृत्वसंपन्न आणि घाईचा. कांहीं मंत्र्यांनीं परदेशांतून भलत्या मार्गानें कर्ज काढण्याच्या खटपटी केल्या, त्यामुळें सरकारची अब्रू बरीच गेली होती. वरिष्ठ सभेंत त्यांचें बहुमत नव्हतें. तशांत तेथील दोन जागा रिकाम्या झाल्या त्यांवर विरुद्ध पक्षाच्या दोन राज्य सरकारांनीं, जुनी चाल मोडून, मजूर पक्षाच्या पसंतीचीं माणसें नेमलीं नाहींत. १६ ऑक्टोबर रोजीं वरिष्ठ सभेनें खर्चाची मंजुरी अडवून धरली. विरोधी पुढारी माल्कम फ्रेझर म्हणाले, निवडणूक घ्या, मग पैसे देऊं. व्हिटलॅम म्हणाले, खालच्या सभेंत माझें बहुमत आहे, मी हलणार नाहीं. नोव्हेंबरअखेर सरकारी तिजोरींतला पैसा संपणार होता.

यारालुम्ल्यास त्या वेळीं सर जॉन कर हे होते. पूर्वीं न्यू साउथ वेल्सचे मुख्य न्यायाधीश. १९७४ सालीं व्हिटलॅम यांनींच त्यांना या जागीं बसविलें होतें. त्याच १६ ऑक्टोबरच्या रात्रीं मलेशियाच्या मुख्य प्रधानांस या घरीं मेजवानी होती. तीत व्हिटलॅम थट्टेनें बोलून गेले कीं, राणीसाहेबांकडे आधीं कोण पोंचतो, मी तुम्हांस काढावयास कीं तुम्ही मला, एवढाच काय तो प्रश्न! सर जॉन यांनीं पुढें आपल्या आठवणींत ही गोष्ट नमूद केली आहे. आम्हांस वाटतें कीं, मोठ्या माणसाच्या पंक्तींत बसून अशी थट्टा करणें घातक. ज्याला हंसूं आलें नाहीं तो ती विसरत नाहीं.

सर जॉन यांनीं आंतल्या आंत निश्चय केला. १० तारखेस सरन्यायाधीश सर गारफील्ड बारविक यांचा अभिप्राय घेतला. ११ तारखेस दुपारीं एकच्या सुमारास व्हिटलॅम अर्ध्या वरिष्ठ सभेची निवडणूक घेण्याची शिफारस घेऊन या घरीं आले. त्यांना ठाऊक नव्हतें कीं, फ्रेझर आधींच येऊन दुसऱ्या खोलींत बसले आहेत व त्यांची गाडी दिसूं नये अशी उभी केली आहे. व्हिटलॅम यांना बडतर्फीचें पत्र मिळालें, ते निघून गेले, आणि फ्रेझर यांनीं खर्च मंजूर करवून निवडणूक घेण्याच्या अटीवर शपथ घेतली. व्हिटलॅम आपल्या घरीं जाऊन जेवले. पण वरिष्ठ सभेंतील स्वपक्षीयांस निरोप धाडण्याचें राहिलें. अडीचच्या आधींच त्या सभेनें खर्च मंजूर केला, आणि आपला जय झाला या समजुतीनें मजूर पक्षाच्या सभासदांनींही मत दिलें! तिकडे खालच्या सभेनें फ्रेझर यांच्यावर अविश्वासाचा ठराव केला व तो घेऊन अध्यक्ष यारालुम्ल्यास निघाले. त्यांना भेटीची वेळ पावणेपांचची मिळाली. त्याच वेळीं गव्हर्नर-जनरलचे चिटणीस डेव्हिड स्मिथ हे पार्लमेंटच्या पायऱ्यांवर दोन्ही सभा बरखास्त झाल्याचा जाहीरनामा वाचीत होते.

त्या पायऱ्या आम्हीं पाहिल्या. जुनें पार्लमेंट ही एक ठेंगणी, शुभ्र इमारत आहे. पार्लमेंट १९८८ त टेकडीवरच्या नव्या मंदिरांत गेलें, आणि येथें आतां लोकशाहीचें संग्रहालय आहे. आंतल्या मोठ्या दालनांत पंचम जॉर्ज यांचा पुतळा उभा आहे. बाहेर हिरवळीवर तेथील मूळच्या रहिवाशांनीं १९७२ पासून आपल्या हक्कांसाठीं तंबूंची वकिलात मांडली आहे. राजा आंत, आणि ज्यांची भूमि ते तंबूंत! पायऱ्या मोजक्याच. जाहीरनाम्याच्या शेवटीं राणीचें देवानें रक्षण करावें असे शब्द होते; चिटणीसाच्या मागें उभे राहून व्हिटलॅम गर्दीस म्हणाले कीं, राणीचें रक्षण देव करो, गव्हर्नर-जनरलचें मात्र कोणाच्यानें होणार नाहीं.

सर जॉन यांच्या बाजूनें बोलावयाचें तर पुष्कळ आहे. त्यांनीं सत्ता स्वतःकडे घेतली नाहीं. तंटा लोकांपुढें नेला, आणि १३ डिसेंबरच्या निवडणुकींत १२७ पैकीं ९१ जागा फ्रेझर यांच्या पक्षांस मिळाल्या. पण लोकांनीं नंतर काय कौल दिला, यावरून आधींचा मार्ग शुद्ध ठरत नाहीं. आमचा आक्षेप बडतर्फीवर नाहीं, मौनावर आहे. ‘अमुक दिवसांत मार्ग काढा, नाहीं तर मला हें करावें लागेल’ असें त्यांनीं एकदांही स्पष्ट सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर आपणच आधीं जाऊं ही त्यांना धास्ती. १९३२ सालीं न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर सर फिलिप गेम यांनीं तेथील मुख्य प्रधान जॅक लँग यांना काढलें. परंतु आधीं पत्रव्यवहार करून, बेकायदा हुकूम मागें घ्या किंवा राजीनामा द्या असें तोंडावर सांगून. त्यांना तें साधलें, कारण त्यांची नेमणूक लंडनच्या सल्ल्यानें झालेली असल्यामुळें लँग त्यांना हलवूं शकत नव्हते. पाणिनीचा तो अपवाद येथें डोळ्यांपुढें उभा राहतो : राजाचें अभय बदली माणसास मिळालें नाहीं, त्याबरोबर इशाऱ्याचा हक्कही गेला. राहिलें तें शस्त्र. आणि तें लपवूनच ठेवावें लागलें.

अध्यक्षांनीं राणीसाहेबांस लिहिलें. १७ नोव्हेंबरचें उत्तर आलें कीं, हे अधिकार घटनेनें गव्हर्नर-जनरलच्या हातीं दिले आहेत, त्यांत राणीसाहेबांचा भाग नाहीं. राजवाड्याशीं झालेला सर जॉन यांचा पत्रव्यवहार पंचेचाळीस वर्षें बंद होता. इतिहाससंशोधक जेनी हॉकिंग यांनीं कोर्टांत झगडून तो मोकळा करविला, आणि १४ जुलै २०२० रोजीं लोकांस वाचावयास मिळाला. त्यांत ११ नोव्हेंबरच्या पत्रांत सर जॉन लिहितात कीं, राणीसाहेबांस आगाऊ न कळवितां आपण हें पाऊल टाकिलें. म्हणजे ज्यांचा प्रतिनिधि त्यांनाही वार झाल्यावरच कळलें. मात्र अशा अधिकारांविषयीं त्याआधीं राजवाड्याच्या चिटणीसांशीं बराच खल झाला होता, हेंही त्याच पत्रांवरून दिसतें. सर जॉन यांनीं १९७७ च्या अखेरीस पद सोडलें व पुढें बराच काळ परदेशांत काढला.

आपल्याकडेही २६ जानेवारी १९५० पर्यंत राजाजी गव्हर्नर-जनरल होते, तेव्हां हा प्रश्न आपणांस अगदींच परका नाहीं. आपल्या राष्ट्रपतीस पांच वर्षांची मुदत आहे आणि त्याला काढावयाचें तर पार्लमेंटमध्यें महाभियोग चालवावा लागतो. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें त्याला मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठीं एकदां परत पाठवितां येतो, तोच सल्ला पुन्हां आला तर मात्र मान्य करावा लागतो. हा लेखी इशाराच होय. राज्यांचे राज्यपाल मात्र दिल्लीची मर्जी असेतोंवर असतात. त्याविषयीं वर्तमानपत्रें वाचणाऱ्या घरांत आम्हीं अधिक लिहावें असें नाहीं.

ऑस्ट्रेलियन लोकांनीं त्या दिवसापासून थोडेंसेंच बदललें. १९७७ च्या लोकमतानें वरिष्ठ सभेंतील रिकामी जागा त्याच पक्षाच्या माणसानें भरावी असें ठरलें. वरिष्ठ सभेचा खर्च अडविण्याचा अधिकार आणि गव्हर्नर-जनरलचा बडतर्फीचा अधिकार जेथल्या तेथें आहेत. राजा नको, राष्ट्राध्यक्ष असावा, असा प्रस्ताव ६ नोव्हेंबर १९९९ रोजीं लोकांपुढें आला, तेव्हां व्हिटलॅम आणि फ्रेझर हे दोघे जुने वैरी एका बाजूस उभे राहून त्यास अनुकूल मत द्या म्हणून सांगत होते. शेंकडा सुमारें ५५ मतें विरुद्ध पडलीं. यारालुम्ल्याच्या काठीवर अजून मुकुट व सिंह असलेलें निळें निशाण चढतें. १ जुलै २०२४ रोजीं सामंथा मॉस्टिन या बाईंनीं तेथें अधिकारसूत्रें घेतलीं. नेमणूक राजे तिसरे चार्ल्स यांनीं केली, अर्थात् मुख्य प्रधानांच्या सल्ल्यानें.